ओढ्याच्या उतारावर गाडी थांबवून पाहावी

मी, मानसिंग सावळाराम थोरवे, राहणार वरकुटे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, धंदा शेती व मालमोटार, वय साठीच्या आसपास (शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे जी तारीख लिहिली तीच खरी धरावी), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की दम दिलेला नाही. दडपण म्हणाल तर ते छातीत आहे, आणि त्यासाठी येत्या सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक माणसे बरी होऊन चालत घरी जातात. मीही चालत येणार असेच धरून आहे. पण उताराला गाडी उभी करताना आपण चाकाखाली दगड लावतोच, तसा हा कागद समजावा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवले तर ते खोटे आहे.

कलम १. वरकुट्यातील राहते घर, समोरचे खळे आणि चिंचेखालची जागा पत्नी जयवंता हिची राहील. तिच्यामागे ती मुलगा विजयसिंह याची. मळ्यातील जमीन वडिलोपार्जित आहे, ती कायद्याने जायची तशी जाईल. तिच्यावर मी शाई वाया घालवत नाही. एवढीच नोंद करतो की, माझा चुलतभाऊ आबासाहेब याचा बांध दर नांगरटीला माझ्याकडे पाऊलभर सरकतो. मी हयातभर त्यावर कोर्टात गेलो नाही. विजयसिंहानेही जाऊ नये, मात्र नांगरटीच्या दिवशी बांधावर खुर्ची टाकून बसावे.

कलम २. पतसंस्थेतील ठेव जयवंताची. ती तिने स्वतःवर खर्च करावी. माझ्या तेराव्याला गावजेवण घालून उडवू नये. ज्यांना माझ्याबद्दल वाईट वाटेल ते पिठले-भाकरीवरही येतील. तिला गुडघ्याचा त्रास आहे, तो आधी दाखवावा. "आता काय करायचंय दावून" असे ती म्हणेल, तिचे ऐकू नये.

कलम ३. आता गाडीबद्दल. हे कलम लांबणार आहे, कारण बाकी सगळे मी गेल्यावरही आपोआप मार्गी लागेल. गाडीचे लागणार नाही.

माझ्या मालकीची एक जुनी मालमोटार आहे. हंगामात ती कारखान्याला ऊस ओढते, एरवी खत, विटा, मिळेल ते. गाडी जेवढ्या वजनासाठी बनली त्याच्यावर आम्ही भरत आलो, यात गाडीचा दोष नाही. ऊस कमी भरावा हे मलाही कळते. पण फडात एकदा भरती सुरू झाली की ऊसतोड टोळीचेही ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नसते आणि मालकाचेही.

गेल्या हंगामात विजयसिंह भरलेली गाडी घेऊन आमच्या गावच्या ओढ्याच्या उताराला लागला आणि ब्रेकचे पायडल थेट फळीला टेकले. खाली ओढ्यात सून राजेश्वरी धुणे धूत होती. तिच्या पोटात तेव्हा आमची नात होती. विजयसिंहाने उडी मारली असती तर तो सुटला असता. त्याने मारली नाही. हॉर्नवर हात दाबून धरला आणि स्टेअरिंग सोडले नाही. राजेश्वरी बाजूला झाली, गाडी तिच्या धुण्याच्या पाटीवरून गेली, पाणी उडवत पलीकडच्या चढाला लागली आणि चढाने ती थांबवली. पोराने उडी मारली नाही याचा मला फार अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

राजेश्वरी ओल्या लुगड्यानिशी घरी आली. रडली नाही, ओरडली नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मामंजी, आज पाटी गेली. उद्या मी जाईन. ब्रेक तरी करा, न्हाय तर गाडी इकून टाका."

ब्रेक आम्ही दर हंगामाला करतच होतो. नवे लायनर घालून भागणारे काम ते नव्हते. मागची सगळी जुळणीच थोरली हवी होती. मागच्या दोन्ही चाकांना धरून ठेवणारे जे आडवे लोखंडी धूड असते त्याला मेकॅनिक लोक हौसिंग म्हणतात. मोठ्या गाडीची हौसिंग, तिचे रुंद ड्रम आणि तिचे हवेचे ब्रेक आमच्या गाडीला बसवायचे, असे मी आणि बाजीरावाने ठरवले. बाजीराव ओहोळ हा निमगाव केतकीचा मेकॅनिक आणि माझा जुना मित्र. त्याच्याशी माझे दररोज भांडण होते, आणि न झाले तर मला जेवण जात नाही.

अशी हौसिंग इंदापूरला हमरस्त्यालगतच्या भंगाराच्या आवारात, अपघात झालेल्या एका मोठ्या गाडीखाली होती. त्या गाडीच्या केबिनचा चुराडा झाला होता, पण मागचा भाग जसाच्या तसा. टायर गेले, बॅटरी गेली, फाळका गेला. हौसिंगला मात्र कोणी हात लावत नव्हते, कारण गाडीचा ड्रायव्हर आत मेला होता. आपल्याकडे माणूस मेलेल्या गाडीचे चाक चालते, हौसिंग चालत नाही. कोणी ठरवले हे मला माहीत नाही. बाजीराव म्हणाला, "मानसिंगराव, लोखंडाला सुतक नसतंय." त्याच्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला, तेव्हापासून त्याच्या घरी लिंबू फक्त खायला आणतात. माझ्या घरी तसे नाही. आबासाहेबाला बातमी लागली तसा तो काठी टेकत आला आणि जयवंतासमोर म्हणाला, "मेल्या गाडीचं हाड दारात आणतोयस, मानसिंग. त्ये हाड माणूस मागंल." तेव्हापासून गावात त्या हौसिंगचे नाव हाड पडले. जयवंताने दोन वेळा माझ्या ताटात भाकरी लांबूनच टाकली.

लोखंडाला सुतक नसले तरी माणसाला विचारावे, असे मला वाटले. मेलेला ड्रायव्हर सोमनाथ हा मोरगावचा होता. मी जयवंताला घेऊन एस.टी.ने मोरगावला गेलो. त्याची बायको गोजरबाई शेरडांना पाला टाकत होती. आम्ही कशासाठी आलो ते मी सांगितले. मला वाटले, आता ही दगड घेऊन मागे लागणार. तिने आम्हाला बसायला घोंगडे टाकले आणि म्हणाली, "पोलिसांनी न्हेऊन दावलं मला. रस्त्यावर चाकाचं काळं पट्टं व्हतं, ह्या झाडापासनं त्या घरापतुर. त्यांनी ब्रेक मारला व्हता. बिनदिव्याची ट्रॉली आडवी आली, त्याला ब्रेक काय करंल? गाडीनं दगा दिला न्हाय त्यांना. तुमी न्या ते. कुणाचं तरी माणूस घरी येऊ द्या."

मग तिने आम्हाला बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. जयवंता त्या घरी जेवली. परतीच्या वाटेवर बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर ती म्हणाली, "लावा. पर लिंबू मी बांधणार." मी हो म्हणालो. संसारात एवढे चालते.

जुळणी उन्हाळाभर आमच्या खळ्यावर झाली. थोरल्या हौसिंगवर कमानपाट्यांची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांची, बैठक रुंद होती, आमच्या गाडीचा सांगाडा अरुंद. जुन्या बैठका कापून नव्या वेल्डिंग केल्या, मधला शाफ्ट कमी केला, हवेची टाकी त्याच गाडीची घेतली, हवा भरणारा पंप दुसऱ्या भंगार इंजिनाचा. पुढच्या चाकांचे ब्रेक हवेला कसे जोडले ते बाजीराव सांगेल, मृत्युपत्रात ते मावणार नाही. सगळे बसवून गाडी रस्त्यावर काढली तर ती कुत्र्यासारखी तिरकी चालू लागली. स्टेअरिंग सरळ धरले तरी डाव्या अंगाला ओढायची. आबासाहेब पारावर बसून सांगू लागला, "त्याला मोरगावला जायाचंय. बघा, कशी वढतीय तिकडं." गावाने माना डोलावल्या. माझा प्रश्न एवढाच होता, की गाडी बारामतीकडे जाताना डावीकडे ओढते आणि इंदापूरकडे येतानाही डावीकडेच ओढते. मग सोमनाथचे मोरगाव जाताना दक्षिणेला असते आणि येताना उत्तरेला जाते काय?

उत्तर जयवंताने दिले, तेही नकळत. तिच्या हातून खळ्यावर हंडा कलंडला आणि पाणी धावत चिंचेच्या कोपऱ्यात गेले. बाजीरावाने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. पावसाचे पाणी साचून धान्य भिजू नये म्हणून माझ्या वडिलांनी खळे सारवतानाच त्याला त्या कोपऱ्याकडे उतार दिला होता. त्या खळ्यावर मी लहानाचा मोठा झालो, आणि त्याच खळ्यावर ओळंबा सोडून आम्ही जमिनीवर मापे घेतली, जणू ती जमीन सपाटच आहे! मापे चुकली, हौसिंग तिरकी बसली. मग निमगाव केतकीच्या आठवडी बाजाराच्या फरशीवर गाडी नेली आणि सगळे पुन्हा सोडून सरळ बसवले. आता गाडी सुतासारखी चालते. पासिंगही झाले आहे. तरी गावात आजही म्हणतात की जयवंताच्या लिंबाने ती सरळ झाली.

दसऱ्याला आम्ही अर्धी भरती करून गाडी ओढ्याच्या उताराला घातली. मी स्वतः चालवत होतो. उताराच्या मधोमध ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी जागेवर थांबली. कमानपाटे करकरले, एवढेच. मी पूर्ण भरती करायला सांगणार होतो, तेवढ्यात छातीत कळ आली आणि बाजीरावाने मला खाली घेतले. आबासाहेब तिथे होताच. तो मोठ्याने म्हणाला, "हाडानं पयला घास घेतला."

यासाठी हे मृत्युपत्र लिहिले आहे. सोमवारी मी टेबलावर गेलो, तर वरकुट्यात कोणीही म्हणणार नाही की मानसिंग विडीने गेला, मटणाच्या रश्श्याने गेला. म्हणतील, हाडाने नेला. जयवंता घाबरेल. विजयसिंह आईच्या डोळ्यातले पाणी बघून थोरली हौसिंग उतरवेल, जुनी लावेल, वर लिंबू बांधेल, आणि हंगामात भरलेली गाडी पुन्हा त्याच उताराला लागेल. खाली माझी सून असेल, आणि आता नात तिच्या कडेवर असेल. मी मरायला इतका भीत नाही, जितका या गोष्टीला भितो.

म्हणून असे लिहून ठेवतो, की माझ्या मरणाचा दोष हौसिंगला देऊ नये. डॉक्टरांचा कागद जयवंताच्या पेटीत आहे, त्यात माझ्या रक्तवाहिन्या कशाने बुजल्या ते लिहिले आहे. तो कागद पारावर मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना विड्यांचे नाव गाळू नये.

कलम ४. गाडी मी सून राजेश्वरी विजयसिंह थोरवे हिच्या नावे करतो. विजयसिंहाच्या नाही. त्याला राग येईल, यावा. तो गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतो, पण ब्रेक जरा खाली गेला की "थांबतीय की" म्हणतो. राजेश्वरी असे म्हणत नाही. गाडी विजयसिंहाने चालवावी, किल्ली राजेश्वरीकडे असावी. तिने "आज न्हाय" म्हटले तर त्या दिवशी गाडी जागची हलणार नाही, मग कारखान्यावर रांग कितीही पुढे सरको.

सकाळी इंजिन चालू केल्यावर हवेचा काटा वर येईपर्यंत गाडी हलवू नये. तेवढ्यात चहा होतो. टाकीत साचलेले पाणी रोज सोडावे. थोरल्या हौसिंगने गाडी ओढते जास्त पण पळते कमी, म्हणून विजयसिंह कुरकुर करतो. त्याने लवकर निघावे. जयवंताने लिंबू-मिरची पुढच्या बंपरला बांधावी, हवेच्या पाइपाला बांधू नये, तारेने पाइप कापतो. हे मी तिला सांगितले आहे, पण ती मानेने हो म्हणते आणि बांधते तिथेच.

कलम ५. मोठा जॅक, साखळीची कप्पी, ती टांगायचे तिन्ही वासे आणि पान्यांची पेटी बाजीराव ओहोळ याला द्यावी. पेटीतला सर्वांत मोठा पाना त्याचाच आहे. तो हरवला म्हणून त्याने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला होता, आणि मी खोटे बोलत नव्हतो, मला खरोखर तो सीटखाली नंतर सापडला. बाजीराव, तुझ्यासारखा माणूस मला सख्ख्या भावांत मिळाला नाही. खळ्याचा उतार तुलाही दिसला नाही, हे मात्र विसरू नकोस.

कलम ६. हंगामात महिन्यातून एखादी खेप मोरगावकडे करावी आणि गोजरबाईच्या शेरडांसाठी उसाच्या वाढ्याच्या मोळ्या टाकून याव्यात. तिकडे हिरवा चारा नसतो आणि आपल्याकडे फडात तो तुडवला जातो. हे उपकार म्हणून करू नये. विजयसिंहाने स्वतः उतरून मोळ्या खाली घ्याव्यात आणि तिने भाकरी दिली तर बसून खावी.

कलम ७. आमच्या गाडीची जुनी हौसिंग, जी खळ्याच्या कडेला पडून आहे, ती माझा चुलतभाऊ आबासाहेब याला द्यावी. तिच्यावर कोणी मेलेले नाही, ती शुभ आहे, असे त्याचेच म्हणणे आहे. त्याने ती दारात ठेवून रोज हळद-कुंकू वाहावे. माघारी मागू नये, कोणी मागितली तरी आबासाहेबाने देऊ नये. नीट सांभाळण्याबाबत माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण आमच्या बांधातलीही कोणतीच गोष्ट त्याने आजवर परत केलेली नाही.

कलम ८. हे शेवटचे, आणि यात कोणी सुधारणा करू नये.

पूर्ण भरतीची परीक्षा राहिली आहे. मी चालत परत आलो तर ती मीच घेईन. नाही आलो तर ती माझ्या अंत्ययात्रेत घ्यावी. मला खांद्यावर नेऊ नये, गाडीतून न्यावे. रिकाम्या गाडीतून नाही, रिकामी गाडी कोणीही थांबवतो. हंगाम लागला असेल तर उसाची पूर्ण भरती करावी, नसेल तर मुरूम भरावा, आणि वर माझी तिरडी दोराने नीट आवळावी. विजयसिंहाने चालवावे. किल्ली राजेश्वरीने हाताने द्यावी.

आपल्याकडे स्मशानात जाताना वाटेत विसावा असतो. तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात, मग पुढे निघतात. वरकुट्याचा विसाव्याचा दगड ओढ्याच्या उतारावर बरोबर मधोमध आहे. तिथे विजयसिंहाने ब्रेकवर पाय ठेवावा. सगळ्या गावाने बाजूला उभे राहून बघावे. खाली ओढ्यात मात्र त्या वेळी एकही माणूस, एकही बाई, एकही शेरडू असता कामा नये. हे बाजीरावाने आधी जाऊन पाहावे.

गाडी थांबली, तर तिथेच माझी तिरडी उतरवून पुढे खांद्यावर न्यावी. ऊस असेल तर गाडी तशीच कारखान्याला जाऊ द्यावी, माझ्यामुळे ऊस वाळवू नये. त्यानंतर ही हौसिंग कोणी हाड म्हणून उतरवू लागला, तर त्याने मला विसाव्यावर कोणी थांबवले होते ते आठवावे.

आणि गाडी थांबली नाही, तर पलीकडच्या चढाला ती थांबेल. तिथे मला उतरवून चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या सावलीला ठेवावे आणि आधी चाके खोलून ब्रेक पाहावेत. सुधारल्याशिवाय पुढे निघू नये. मला घाई नसेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोड न करता लिहिले आहे.

ठिकाण : वरकुटे, ता. इंदापूर, जि. पुणे
तारीख : २४ ऑक्टोबर १९९७

सही : मानसिंग सावळाराम थोरवे

साक्षीदार :

१. सही : दत्तात्रय भोंग, प्राथमिक शिक्षक, निमगाव केतकी. मानसिंगरावांनी माझ्यासमोर सही केली. लिहून देताना ते पूर्ण शुद्धीवर व चांगल्याच आवेशात होते.

२. सही : आबासाहेब गोविंद थोरवे, वरकुटे. सगळा कागद वाचल्याशिवाय सही करणार न्हाय असं मी म्हणालो व तो वाचला. बांधाबद्दलचा मजकूर मला मान्य न्हाय. जुनी हौसिंग मी नेतो, कुणाला देणार न्हाय. मानसिंगनं चालत माघारी यावं. न आल्यास विसाव्याला मी येईन, पर बाजूला उभा राहीन.